तुपाच्या कारखान्यातला जोडीदार

माझ्या कामातल्या जोडीदारानं कापसाची प्रेस सोडली हे मला त्याच्याकडून कळलं नाही, गेटसमोरच्या चहावाल्याकडून कळलं. "तुमचा दोस्त त गेला बाप्पा तुपाच्या कारखान्यात," एवढं बोलून त्यानं कप माझ्यासमोर ठेवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. तो चहा मी प्यायलो की तसाच ठेवून उठलो, ते आता आठवत नाही. मात्र दिवसभर हातातला पाना दोनदा घसरला आणि बोटाचं सालटं निघालं, ते आठवतं.

ही गोष्ट महाराष्ट्र व्हायच्या थोडी आधीची. आम्ही दोघं अकोल्यात कापसाच्या एका प्रेसमध्ये फिटर होतो. गाड्यांमधून आलेल्या कापसातली सरकी आधी काढायची, मग उरलेली रुई दाबून तिच्या पोलादी पट्ट्या मारलेल्या गाठी करायच्या, हे तिथलं काम. हे सगळं एका वाफेच्या इंजिनावर चाले. इंग्रजांच्या काळात जहाजातून आलेलं ते इंजिन होतं, आणि त्याचं चाक माणसाच्या दुप्पट उंच. आम्हा दोघांना कामाला लावलं ते उस्तादांनी. उस्ताद म्हणजे आमचे हेड फिटर, पांढऱ्या दाढीचे, थोडे वाकलेले. पेचकसाचं टोक चालत्या मशीनला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची आणि आतलं ऐकायचं, ही विद्या त्यांची. जोडीदाराचा हात माझ्यापेक्षा साफ होता. माझा कान त्याच्यापेक्षा चांगला होता. उस्ताद हे चारचौघांत सांगायचे आणि आम्हा दोघांनाही ते पुरायचं.

प्रेसवाल्यांना तेव्हा गावात मान होता. माझं लग्न 'मुलगा प्रेसमध्ये फिटर आहे' या एका वाक्यावर जमलं. सासरे चांदूर रेल्वे गावाकडचे शेतकरी. कापसाच्या गाड्या घेऊन प्रेसच्या दारात दोन-दोन दिवस रांगेत बसण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलेलं. आत, इंजिनाजवळ काम करणारा जावई मिळाला म्हणजे त्यांच्या लेखी साहेबच मिळाला होता. पण खरी स्थिती त्यांना कुठे ठाऊक होती! आमच्या रस्त्यावरच्या धुराड्यांपैकी निम्मी थंड पडली होती. एका बंद प्रेसच्या भिंतीतून पिंपळ वर आला होता. आमची चालू होती तीही दिवाळीपासून होळीपर्यंत. उरलेले महिने इंजिन खोलायचं, पुसायचं, जोडायचं आणि अर्ध्या पगारावर पुढच्या हंगामाची वाट पाहायची.

अशात गावाबाहेर बाभळीच्या रानात तो कारखाना उभा राहिला. सरकीच्या आणि भुईमुगाच्या तेलापासून तिथे वनस्पती तूप व्हायचं. गावात त्याच्याबद्दल नाही नाही ते बोललं जाई. ते तूप खाल्लं की डोळे जातात. त्यात काय काय मिसळतात ते दिसू नये म्हणून भिंत एवढी उंच बांधली आहे. तिथे काम करणाऱ्यांच्या अंगाचा वास धुतला तरी जात नाही. आमच्या प्रेसमध्ये यावर रोज हशा पिकायचा आणि त्या हशात माझा आवाज सगळ्यात मोठा असे. खरं तर महिन्याभरापूर्वीच आम्ही दोघं सायकलवरून तो कारखाना बघून आलो होतो. "बाराही महिने चालते म्हणतात," जोडीदार तेव्हा हळूच म्हणाला होता. मी म्हणालो होतो, "चालू दे. तेलाच्या डब्यायले फिटर कायले लागते?"

त्यानं मला न सांगता अर्ज का केला, हे माझ्या त्या वाक्यातच होतं. पण ते कळायला मला फार दिवस लागले.

महिन्याभरानं तो आमच्या घरी आला. अंगावर खाकी कपडे, कारखान्यानं दिलेले. पायात जाड तळाचे बूट. छातीवरच्या खिशात पेन. पेन! आमच्या प्रेसमध्ये पेन एकट्या मुनीमजींकडे होतं. हातात तुपाचा एक डबा होता, तो त्यानं माझ्या आईसमोर ठेवला.

"माय, पहिल्या महिन्याचं आहे. घे."

आई जरा मागे सरकली. "ठेव बापू तिकडं. देवाच्या दिव्याले चालत नाही, आन् आमच्या पोटाले सोसत नाही."

तो हसला. मला त्याच्या चेहऱ्यावर थोडी तरी शरम दिसायला हवी होती, ती दिसली नाही. "नका खाऊ. डबा कामी येईल," तो म्हणाला.

ते तूप आईनं शेजारी देऊन टाकलं. डबा मात्र माझ्या बायकोनं राखेनं घासला, उन्हात वाळवला आणि त्यात ज्वारी भरली. झाकण इतकं घट्ट बसायचं की आत किडा शिरत नसे. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना ती तो डबा दाखवायची. मला घरात शिरल्या शिरल्या आधी तो डबाच दिसायचा.

हळूहळू त्याच्या एकेक गोष्टी कानावर यायला लागल्या. त्याला कारखान्याच्या आवारात क्वार्टर मिळालं. घरात नळ. घरात विजेचा दिवा. आजारी पडलं तर डॉक्टर कारखान्याचा. मी विचारत नसे, पण बायको विचारून यायची आणि भाकरी थापता थापता सांगायची.

"अवो, त्यांच्याकडं सकाळी तोटी फिरवली का पाणी. आंघोळीले बाहेरून आणा लागत नाही."

"मंग जाय तिकडंच राह्यले," मी म्हणालो.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि काही बोलली नाही. त्या न बोलण्याचा मला जास्त राग आला. तिची नजर आमच्या दारातल्या रिकाम्या घागरींकडे गेली असावी, असं मी धरून चाललो. तिकडे वळून पाहण्याची मला हिंमत झाली नाही.

हेवा कसा असतो हे मला त्या दोन वर्षांत कळलं. मला त्याचं क्वार्टर नको होतं, नळही नको होता. त्याच्याकडे ते नसावं, एवढंच हवं होतं. तो सायकलवरून येताना दिसला की मी त्याचे बूट बघायचो. त्याच्या बायकोनं नवं लुगडं नेसलं तर मला ते माझ्या बायकोच्या आधी दिसायचं. प्रेसमध्ये कुणी म्हणालं की त्या कारखान्यात फिटर नुसती बटणं दाबतात, तर मी ते वाक्य चार ठिकाणी सांगत फिरायचो. आणि भेट झाली की त्याच्या खांद्यावर हात टाकून विचारायचो, "काय गड्या, बरं चाललं ना?"

तो म्हणायचा, "चाललं. पण तुह्यावाणी माणूस नाही तिथं बोलाले."

ते तो मनापासून म्हणायचा. मला ते खोटं वाटायचं, कारण त्याच्या जागी मी असतो तर खोटंच म्हणालो असतो.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात, आमची प्रेस बंद असताना, तो एका दुपारी घाईघाईत आला. डोक्याला रुमाल गुंडाळलेला, घामानं थबथबलेला. बसलाही नाही. उभ्यानंच म्हणाला, "चाल माह्यासंगं. एक पंप आवाज करून राह्यला. साहेबाले समजत नाही, मले समजत नाही. मी साहेबाले म्हटलं, एक माणूस आहे, त्याचा कान आणतो."

मी सायकल काढली. खरं सांगतो, रस्ताभर मला आनंद होत होता. शेवटी यावं लागलंच याला माझ्या दारात, असा आनंद.

गेटवर माझं नाव वहीत लिहिलं गेलं आणि मी पहिल्यांदा त्या उंच भिंतीच्या आत गेलो. बाहेर लोक बोलायचे तसं आत काहीच नव्हतं. फरशी धुतलेली. पाइपांना रंग दिलेले. मोठमोठ्या टाक्या आणि त्यांच्यावर घड्याळासारखी गोल मीटरं. गरम तेलाचा वास होता, पण वाईट नव्हता. कापसाचा एक कण हवेत नव्हता. प्रेसमध्ये आम्ही संध्याकाळी थुंकलो की थुंकीतून रुई निघायची. इथे माणसं पांढऱ्या टोप्या घालून हिंडत होती आणि प्रत्येक जण मान हलवून माझ्या जोडीदाराशी बोलत होता. एकानं तर त्याला 'मिस्त्रीसाहेब' म्हटलं. आमच्या उस्तादांना चाळीस वर्षांत कुणी साहेब म्हटलं नव्हतं.

पंप एका कोपऱ्यात होता. मोटारीवरून त्याला रुंद पट्टा आलेला. मी पेचकस घेतला, टोक टेकवलं, मूठ कानामागे दाबली. जोडीदार समोर उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता.

मोटारीची बेरिंग ठीक होती. पंपाच्या पट्ट्याकडच्या बाजूला टोक नेलं आणि मला लगेच ऐकू आलं. दाताखाली खडा यावा तशी बारीक कचकच. आतला एक छर्रा, बेरिंगमधली पोलादी गोळी, फुटला होता. दोन तासांत पंप थांबवून बेरिंग बदलली की काम संपलं असतं.

मी पेचकस खाली घेतला. तेवढ्यात मागून एक पोरगेला साहेब आला, जोडीदाराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काय मिस्त्री, सापडलं का?" जोडीदार माझ्याकडे बोट करून हसत म्हणाला, "आता सापडते साहेब. आमच्या प्रेसचा माणूस आहे."

आमच्या प्रेसचा. दीड वर्ष झालं होतं त्याला प्रेस सोडून, आणि तो अजून 'आमच्या' म्हणत होता. त्या शब्दानं मी विरघळायला हवं होतं. उलट मला त्याच्या खांद्यावरचा तो हात दिसत होता.

"बेरिंग चांगली आहे," मी म्हणालो. "पट्टा ढिला आहे. कसून घे."

त्यानं एकदा पट्ट्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं."

त्यांनी मला कँटीनमध्ये नेऊन चहा पाजला, सोबत एक खारी. मी तो चहा पूर्ण प्यायलो.

फुटक्या छर्र्याच्या बेरिंगवर पट्टा कसला की काय होतं, हे कोणत्याही फिटरला समजतं. ताण सगळा त्या बेरिंगवर येतो. तिसऱ्या दिवशी पंप जॅम झाला, शाफ्ट खराब झाला, आणि नवा शाफ्ट मुंबईहून येईपर्यंत तो सगळा विभाग बंद राहिला. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. हे मला पुन्हा त्याच चहावाल्यानं सांगितलं. आणखीही सांगितलं, की माझ्या जोडीदाराला लेखी ताकीद मिळाली आणि त्याची व्हायची बढती थांबली. "बाहेरच्या कोणाचं तरी ऐकलं म्हणतात त्यानं. कोणाचं, ते सांगून नाही राह्यला," चहावाला म्हणाला.

पण साहेबांनी मला तिथे उभं पाहिलं होतं. म्हणजे साहेबांना माहीत होतं, आणि तरी जोडीदारानं सगळं स्वतःवर घेतलं होतं. मी सांगितलं ते नीट समजून न घेता आपणच पट्टा जास्त कसला, असं काहीतरी त्यानं लिहून दिलं असावं. मला नेमकं कधीच कळलं नाही.

मी उस्तादांकडे गेलो. ते आता घरीच असत, डोळ्यांना कमी दिसे. खाटेवर बसून बिडी ओढत होते. मी सगळं सांगितलं, बेरिंगचा आवाज कसा होता तोही सांगितला.

त्यांनी बिडी विझवली. "छर्रा फुटला होता, ते तुले ऐकू आलं?"

"आलं."

"आन् तू झूट बोलला."

"हो."

"काहून?"

मी विझलेल्या बिडीकडे पाहत बसलो. ते म्हणाले, "म्या तुले कान देला तो मशीनसाठी. मशीन कोणाची आहे, ते नव्हतं सांगितलं पाह्याले." मग भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी जायला निघालो तसे मागून म्हणाले, "माह्याकडं कायले आला? त्याच्याकडं जाय."

रविवारी सकाळी मी त्याच्या क्वार्टरवर गेलो. दारासमोर त्यानं वांगी लावली होती आणि नळाला रबरी नळी जोडून पाणी देत होता. मला पाहून त्याच्या बायकोनं आतून आवाज दिला, "या भाऊजी, चहा ठेवते." त्यानं नळी खाली टाकली. मी उभ्यानंच सांगून टाकलं. बेरिंग गेलेली मला समजली होती. मी मुद्दाम पट्टा म्हणालो.

पाणी वाफ्यातून बाहेर वाहून माझ्या चपलांखाली आलं.

"पट्ट्याले मी हात लावला होता," तो म्हणाला. "तू गेल्यावर, कसायच्या आधी. पट्टा बरोबरच होता. माह्या हाताले समजलं होतं."

"मंग कसला काहून?"

"तू म्हटलं म्हणून."

एवढंच. आवाज चढला नाही, शिवी दिली नाही. नळ बंद करायला वळला आणि वळता वळता म्हणाला, "आता जाय तू." त्याची बायको दोन कप घेऊन दारात आली तेव्हा मी फाटकाबाहेर पोचलो होतो. तिनं मागून हाक मारली. मी सायकल हातात धरून तसाच पायी चालत राहिलो, वर बसायचं सुचलं नाही.

त्यानंतर तीन वर्षं आम्ही बोललो नाही. लग्नाकार्यात समोर आलो तर तो मान हलवायचा, मीही हलवायचो. माझा हेवा मात्र गेला नव्हता, हे मला कबूल केलं पाहिजे. पुढे त्याची बढती झाली हे ऐकलं तेव्हा मला आधी बरं वाटलं आणि त्याच्यामागोमाग तीच जुनी कळ आली. आता तर मला त्याच्या पगाराचा हेवा वाटत नव्हता. त्याला कुणावर इतका विश्वास टाकता येतो, याचाच वाटत होता.

मग आमच्या प्रेसमध्ये विजेच्या मोटारी आल्या. इंजिन भंगारात विकलं गेलं. ते इतकं मोठं होतं की बाहेर काढायला भिंत फोडावी लागली, आणि तरी तुकडे करावे लागले. चाकावर घण पडत होते तेव्हा आम्ही सगळे सावलीत उभे होतो. उस्ताद तोवर गेले होते, ते बरं झालं. मोटारींना माझ्यासारखे फिटर फारसे लागत नव्हते. मला सांगण्यात आलं की हंगामात बोलावू.

दोन महिने घरी बसल्यावर बायकोनं एक कागद माझ्यापुढे ठेवला. तिनं शेजारच्या मास्तरांकडून अर्ज लिहून आणला होता. तुपाच्या कारखान्याचा.

"मी नाही जात तिथं," मी म्हणालो.

"काहून? डोळे जातील का तुमचे?"

मला हसू आलं, आणि मी सही केली.

मुलाखतीच्या खोलीत तोच साहेब होता, आता जरा भारदस्त झालेला. त्यानं मला ओळखलं. बाजूच्या खुर्चीवर माझा जोडीदार होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहून विचारलं, "हेच ना ते, पंपाच्या वेळचे? तुमचं काय मत?"

खोलीत पंखा फिरत होता. मी त्याच्या पेनाकडे बघत होतो. तो माझ्याविरुद्ध काही म्हणाला असता तर ते खरंच असतं आणि मी मान खाली घालून बाहेर पडलो असतो.

"आमी एकाच उस्तादाकडं शिकलो साहेब," तो म्हणाला. "काम येते त्याले."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मला घेतलं, पण हेल्पर म्हणून. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असलेल्या मिस्त्र्याच्या हाताखाली. खाकी कपडे मिळाले, जाड तळाचे बूट मिळाले. पहिल्या दिवशी ते बूट इतके चावले की संध्याकाळी मी ते हातात घेऊन घरी आलो, आणि बायको दारातच हसत उभी राहिली.

कँटीनमध्ये तो मिस्त्र्यांच्या टेबलावर बसायचा, मी हेल्परांच्या. असं वर्षभर चाललं असेल. मग एका दुपारी मिस्त्र्यांच्या टेबलावर जागा असतानाही तो त्याचा डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. डबा उघडला, आत पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"पुन्हा अंबाडी," तो म्हणाला. "तुह्यात काय आहे?"

माझ्या डब्यात वांग्याची भाजी होती. मी डबा त्याच्याकडे सरकवला. त्यानं निम्मी भाजी काढून घेतली, मला विचारलं नाही.